फक्त डॉक्टरांचं ऐकते

मंगळवारी माझ्या दवाखान्यात रुग्ण येत नाहीत. मंगळवार नातेवाइकांचा. सकाळी नऊपासून ते बाकांवर बसलेले असतात, प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर एक वाक्य. ते वाक्य मी वाचायचं, पटलं तर माइकसमोर बोलायचं आणि यंत्रात मंजूर करायचं. त्या दिवसापासून त्यांच्या घरातल्या रुग्णाला ते वाक्य डोक्यात ऐकू येऊ लागतं, माझ्या आवाजात, दिवसातून चाळीस-पन्नास वेळा.

मी डॉ. विश्राम तडवळकर. बार्शीत तेवीस वर्षं मनोविकारांवर उपचार करतोय. हे यंत्र येण्याआधीही नातेवाईक माझ्याकडे हेच मागायचे. औषधांची चिठ्ठी हातात पडली की दारापर्यंत जायचे, परत फिरायचे आणि आवाज उतरवून म्हणायचे, डॉक्टर, तेवढं तुम्ही सांगा की त्याला, आमचं ऐकत नाही, तुमचं ऐकतो. मी सांगायचो. रोज अंघोळ कर, आईवर हात उचलू नकोस. सांगायला माझं काय जात होतं? रुग्ण मान हलवायचा, घरी जाऊन विसरायचा आणि कुणाचं फारसं बिघडायचं नाही. आता त्यांना विसरता येत नाही, एवढाच फरक पडलाय.

यंत्र काय आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हा मेंदूतला बोलण्याचा भाग ऐकण्याच्या भागाला आधीच कळवून ठेवतो की हे बाहेरचं काही नाही, मीच बोलतोय. हा निरोप पोचतो म्हणून आपले विचार आपल्याला आपले वाटतात. काही आजारांत निरोप पोचत नाही. मग स्वतःचंच बोलणं दुसऱ्या कुणाचं म्हणून ऐकू येतं, आणि हे दुसरं कुणीतरी क्वचितच चांगलं बोलतं. औषधांनी हा गोंगाट कमी व्हायचा, पण माणूसही त्याबरोबर मंदावायचा. पट्टी आली आणि हे बदललं. कानामागे त्वचेला चिकटणारी, बोटभर रुंदीची पट्टी. मनातलं वाक्य ऐकू येण्याच्या पाव सेकंद आधी तिला त्याची चाहूल लागते आणि ध्वनिलहरींच्या सूक्ष्म धक्क्याने ती तेवढा भाग गप्प करते. अडचण एकच होती. गप्प केलेली जागा रिकामी राहत नाही. तिथे दुसरं काही ठेवलं नाही तर आठवड्याभरात जुने आवाज परत येतात. म्हणून तिथे वाक्य ठेवायचं, आणि तेही ज्याच्यावर रुग्ण कधी शंका घेणार नाही अशा माणसाच्या आवाजात.

शंका घेतली तर काय होतं, तेही पहिल्या चाचण्यांत दिसलं. अकरा जणांना कळलं की आवाजाचा मालक आपल्याशी खोटं बोलला. कुणाचा भाऊ होता, कुणाची बायको. त्यांच्या मेंदूने त्या आवाजालाही शत्रूंत धरलं आणि गप्प बसवलेले सगळे आवाज एकदम उठले. आम्ही याला फूट म्हणतो. एकदा फूट पडली की त्या माणसाला पुन्हा कुठलीच पट्टी लागू पडत नाही. त्या अकरातल्या चौघांनी महिन्याच्या आत जीव दिला.

सानिका बारबोले माझ्याकडे आली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती आणि तिचं वजन अडतीस किलो होतं. बियाण्यांच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत ती काम करायची. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, आठवड्याने किती उगवल्या ते मोजायचं. एक दिवस तिच्याबरोबर एक घोगरा पुरुषी आवाजही मोजू लागला. आधी फक्त मोजायचा, मग शिव्या द्यायला लागला, मग सांगायला लागला की सासू जेवणात काहीतरी कालवते. नोकरी गेली. ती फक्त केळी खायची, कारण सालीच्या आत कुणाला काही घालता येत नाही, आणि तीन वर्षांच्या मुलीला, अन्वीलाही केळ्यांशिवाय काही देऊ द्यायची नाही. पोरीच्या हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. घरच्यांनी आणलं ते दोघींना घेऊनच. त्यांची भीती खरी होती, हे मी आजही नाकारणार नाही.

पट्टीच्या अर्जात नववा प्रश्न असतो: रुग्ण कोणाचं ऐकतो? जिथे हे यंत्र निघालं तिथे लोक मित्राचं नाव लिहितात, बहिणीचं लिहितात, कुणी गाण्याच्या मास्तरांचं. आमच्याकडे अर्ज रुग्ण भरत नाही, नातेवाईक भरतात. सानिकाच्या नवऱ्याने, तेजसने, माझ्यासमोर बसून लिहिलं, फक्त डॉक्टरांचं ऐकते. बार्शी तालुक्यातल्या एकशे बारा अर्जांपैकी एकशे नऊ अर्जांवर हेच उत्तर आहे. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेलो होतो.

सानिका स्वतः एवढंच म्हणाली होती, "माझ्या ताईचा आवाज चालेल का?"

तिची ताई प्राजक्ता लातूरला असते, बेकरी चालवते. मी हसून विचारलं की ताईला मेंदूतलं काही कळतं का. ती गप्प बसली. तेवीस वर्षांत रुग्णांना गप्प बसवायचे जे प्रकार मी शिकलो, त्यातला हा सगळ्यात सोपा.

तीन आठवड्यांनी ती आली आणि खुर्चीवर बसून नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली की डॉक्टर, खूप शांत आहे, मला पंख्याचा आवाज ऐकू येतोय. त्या दिवशी तिने सासूच्या हातची ज्वारीची भाकरी खाल्ली होती. अन्वी तिच्या मांडीवर बसून तिच्याच डब्यातला मेतकूट-भात खात होती. मला भरून आलं, आणि मी ते लपवलंही नाही. असे दिवस डॉक्टरच्या आयुष्यात मोजके येतात. आपल्या हातून कुणाचं तरी पोर वाचलंय हे त्या दिवशी मला समोर दिसत होतं.

मग मंगळवार सुरू झाले. सानिकाच्या सासूबाई, सुरेखाबाई, पहिल्या बाकावरच्या. पहिली वाक्यं साधी होती. गोळी वेळेवर घे. सकाळी केस विंचर. तिसऱ्या महिन्यात चिठ्ठी आली, बहिणीला सारखा फोन करू नको. मी विचारलं का, तर म्हणाल्या की फोन झाला की दोन-दोन तास रडते. मी तपासलं. खरंच रडायची, आणि रडल्यावर पट्टी मेंदूच्या स्थिरतेचे जे आकडे पाठवते ते बिघडायचे. केलं मंजूर. इतरांच्या चिठ्ठ्या बघाल तर हसाल. माझ्या भाकरीला नावं ठेवू नको. मामाच्या पाया पड. एका गृहस्थाने बायकोसाठी लिहून आणलं होतं, यांना चहा लागतो. ते मी परत दिलं, पण त्याला हाकललं नाही.

नियमाने चार विषय बंद आहेत: जमीनजुमला, मतदान, लग्न आणि कोर्ट. लोक ते लवकर शिकले. आठव्या महिन्यात सुरेखाबाईंनी जी चिठ्ठी आणली त्यात यातलं काहीच नव्हतं. अक्षर गिचमिड होतं, वाक्य लांबलचक होतं, पण मतलब एवढाच की घरातली माणसं वैरी नाहीत हे हिला कळू दे. मी म्हटलं, वा. हिच्या आजाराचं मूळच संशयात होतं. मी स्वतः ते वाक्य घासूनपुसून नीट केलं. सानिका, घरातल्यांवर विश्वास ठेव, ते तुझं वाईट करणार नाहीत. माइकसमोर एका दमात बोललो. आवाज इतका छान लागला की मीच पुन्हा एकदा ऐकला.

त्या वाक्याने तिचा आजारातला संशय गेला. जो संशय निरोगी माणसाला लागतो, तोही त्याच्याबरोबर गेला. पट्टीला दोन्हींतला फरक कळत नाही. तो कळावा म्हणून डॉक्टर असतो.

पुढच्या पावसाळ्यानंतर तेजस एकटाच आला. त्याचा थोरला भाऊ आणि वहिनी पुण्याला असतात, त्यांना मूल नाही. अन्वी त्यांना दत्तक द्यायचं ठरलंय म्हणाला. पुण्यात शाळा चांगल्या, आणि इथे उद्या हिचं पुन्हा काही झालं तर पोरीचे हाल. त्याला माझ्याकडून दाखला हवा होता. कायदा असा की आई वेडी ठरलेली असेल तर तिची संमती लागत नाही, शहाणी असेल तर लागते. मी तिला शहाणी केली होती. आता तिच्या सहीला किंमत आली होती आणि ती सही तिने पूर्ण शुद्धीत केली, असं मी लिहून द्यायचं होतं.

मी सानिकाला एकटीला आत बोलावलं. माझं कर्तव्य होतं ते. विचारलं की हे तुला हवंय का. तिने थोडा विचार केला. त्या थोड्या वेळात पट्टीवरचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला, म्हणजे तिच्या डोक्यात मी बोलत होतो. मग ती म्हणाली, घरातल्यांनी ठरवलंय, ते माझं वाईट करणार नाहीत. मी घासूनपुसून दिलेले शब्द मला तसेच परत मिळाले.

तिथे मला थांबता आलं असतं. एक कागद फाडायचा होता, एवढंच. पण मी सांगितलं असतं की घरच्यांचं सगळंच ऐकू नकोस, तर तिच्या डोक्यातला मी आणि समोरचा मी वेगवेगळं बोललो असतो, आणि तिथेच फूट पडली असती. हे कारण खरं आहे. आणखीही एक कारण होतं, तेही सांगतो. चौदा महिने एकही आवाज न ऐकलेली ती जिल्ह्यातली एकमेव रुग्ण होती आणि पुण्याच्या परिषदेत मी तिच्यावर बोलणार होतो. मी दाखला लिहिला. स्पष्ट विचार, स्थिर भावना, कुठलंही दडपण नाही.

दत्तकपत्र नोंदलं गेलं. अन्वीला नवीन दप्तर देऊन नेलं, असं नंतर कळलं. दोन दिवसांनी प्राजक्ताचा लातूरहून फोन आला. तिला सगळं नातेवाइकांकडून समजलं होतं. आरडाओरडा केला नाही तिने. एवढंच विचारलं की माझी बहीण मला फोन का करत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का. मी रुग्णाची माहिती बाहेर देता येत नाही असं म्हणून फोन ठेवला. नियम पाळायला मी तेव्हा फार तत्पर होतो.

सहा महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी, चिठ्ठ्यांची रांग संपल्यावर सानिका आली. एकटीच. अंगावर इस्त्रीची साडी होती, केस नीट विंचरलेले. मंगळवारी रुग्ण येत नाहीत हे जगताप सिस्टरनी तिला दारात सांगितलं, तरी ती थांबली. मी आत घेतलं.

ती म्हणाली की सगळं ठीक आहे, फक्त दुपारी चारला रडू येतं. चारला शाळेची रिक्षा यायची. आता येत नाही, पण ती दारात जाऊन उभी राहते. मग माझा आवाज येतो की घरातल्यांवर विश्वास ठेव. ती ठेवते. रडू मात्र थांबत नाही, रात्रीच्या स्वयंपाकापर्यंत चालतं आणि सासूबाई चिडतात.

मी तिला समजावलं की पट्टी आवाजावर चालते. हा आवाज नाही, ही आठवण आहे. याला औषध नाही, वेळ जावा लागतो. मी बोलत असताना ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. माणूस प्रत्यक्ष बोलताना पाहून तिला गंमत वाटत असावी, एरवी मी तिला नुसता ऐकूच येतो.

"डॉक्टर, अन्वीला द्यायचं तुम्हीच सांगितलं होतं ना?" तिने विचारलं.

नाही म्हणावं तर मग कुणी सांगितलं, हा प्रश्न तिला पडला असता, आणि दोन वर्षं गप्प बसलेला तो घोगरा माणूस त्याचं उत्तर द्यायला टपलेलाच होता. हो म्हणावं तर ते खोटं होतं. की नव्हतं? मला त्या क्षणी खरंच ठरवता आलं नाही.

मी विचारलं, "का विचारतेस?"

"तुम्ही सांगितलं असेल तर ते बरोबरच असणार. मग हे रडूच चुकीचं असणार. तेवढं काढून टाका की." ती जरा पुढे सरकली. "मला मुलगी नव्हतीच, असं सांगा मला. तुम्ही सांगितलं की पटतं."

मी म्हटलं की सानिका, हे खरं नाही, तुला मुलगी आहे.

तिचा चेहरा बदलला. फार नाही. कपाळावर एक आठी आली, जशी दोन वर्षांपूर्वी केळ्याची साल तपासताना यायची. हिरवा दिवा लुकलुकला, आणि लगेच पुन्हा लुकलुकला. ती हळूच म्हणाली, "मुलगी आहे, तर मग मी दिली कशी? कुठली आई देईल?"

मेजावरच्या पडद्यावर तिचे आकडे चढताना मला दिसत होते. फूट अशीच सुरू होते. एका साध्या प्रश्नाने, जो कुठल्याही शहाण्या माणसाला पडायला हवा. तिला तो सहा महिने उशिरा पडला होता, कारण मी तो पडू दिला नव्हता. आणि आता तो तसाच वाढला तर महिनाभरात ती विहिरीत सापडली असती. मला दोनच गोष्टी करता येत होत्या. खरं बोलून तिला मारायचं, नाहीतर खोटं बोलून जगवायचं. तिसरी एक वाट होती, पण ती दोन वर्षांपूर्वी होती, नवव्या प्रश्नाशी.

मी माइक जवळ ओढला.

"सानिका, तुला मुलगी नव्हती," मी बोललो. पडद्यावर लाल अक्षरं आली: आवाज स्थिर नाही, पुन्हा बोला. पुन्हा बोललो. पुन्हा तेच. यंत्राला थरथरता आवाज चालत नाही, रुग्णाला शंका येते म्हणून. सानिकाने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली की सावकाश बोला, मला घाई नाही, बस साडेपाचची आहे. मी पाणी प्यालो. तिसऱ्यांदा बोललो तेव्हा माझा आवाज अगदी स्वच्छ लागला. यंत्राने विषय विचारला. जमीनजुमला नाही, मतदान नाही, लग्न नाही, कोर्ट नाही. मंजूर.

अशा वाक्याला मुरायला वेळ लागतो. आठवण जागी होऊन मनात बोलू लागली की वाक्य वाजतं, पुन्हा जागी झाली की पुन्हा वाजतं, आणि होता होता आठवणच जागी व्हायची थांबते. माझा अंदाज तीन महिन्यांचा होता. तीन आठवडे पुरले.

ती तपासणीला आली तेव्हा तेजस आणि सुरेखाबाई बरोबर होते. सुरेखाबाईंनी मला पेढे आणले होते. सुनेचं रडणं थांबलं म्हणून नव्हे, पुण्याला अन्वी वार्षिक परीक्षेत पहिली आली म्हणून. सानिकानेही एक पेढा घेतला आणि कुणाच्या पोरीने नंबर काढला म्हणून विचारलं. सासूबाईंनी तेजसकडे पाहिलं, तेजसने खाली. दादाची मुलगी आहे, एवढंच तो बोलला. सानिका म्हणाली, अरे वा, छान.

वजन करताना जगताप सिस्टरनी नेहमीच्या सवयीने विचारलं. वर्षभराहून जास्त त्यांनी त्या पोरीला या दवाखान्यात खेळवलं होतं, आणि दत्तकाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "लेक कुठाय गं तुझी? आणत नाहीस हल्ली?"

सानिका काट्यावरून उतरली. पदर सारखा केला. सिस्टरचा काहीतरी गोंधळ झालाय असं समजून तिने अगदी मायेने त्यांच्या दंडाला हात लावला.

"मला मुलगी नाही, सिस्टर."

सिस्टर हसायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सानिकानेही माझ्याकडे पाहिलं, शंकेने नाही. सिस्टरना खरं काय ते डॉक्टर सांगतील, अशा विश्वासाने.

"बरोबर सांगतीये ती," मी म्हणालो.

सिस्टरनी वजन लिहून घेतलं, बावन्न किलो. त्यांनी केसपेपर माझ्यासमोर ठेवला आणि वर न बघता बाहेर गेल्या. भूक चांगली. झोप चांगली. आवाज नाहीत. पुढच्या रकान्यात भ्रम विचारतात, म्हणजे रुग्णाचा कुठल्या खोट्या गोष्टीवर ठाम विश्वास आहे का. सानिका समोर बसून माझं लिहिणं बघत होती. मी लिहिलं, नाही.